ष्ठ

माशेलच्या देवळात नवी संगमरवरी फरशी आली.
वर 'प्रतिष्ठित महाजन', खाली एकवीस नावं.
शुद्धलेखन कमिटीनं माझ्यावर सोपवलं,
बेचाळीस वर्षं मराठी शाळेत लाल शाई वापरली म्हणून.

सगुण शेट छिन्नी थांबवून म्हणाला,
मास्तर, हा ष्ठ फुटतो.
तीनदा टवका उडाला. पोटात बारीक गाठ आहे त्याच्या.
साधा ट चालेल?
अक्षरामागे पन्नास रुपये, आणि जोडाक्षर एकच धरतात,
तो राग होताच आवाजात.

म्हटलं, तुझ्या आडनावात चालला की.
श्रेष्ठी होता तो. तोंडातोंडांतून झिजत
शेट झाला.
'कोरणाऱ्याची दया आली असणार कुणाला तरी.'

मला राहवेना. मास्तरकीची खोड.
सांगत सुटलो : प्रति आणि स्था.
स्था म्हणजे उभं राहणं, बस.
त्यातूनच ठाव, ठाण, उठणं,
पैठणसुद्धा, प्रतिष्ठानाचं घासलेलं नाणं.
आणि प्रतिष्ठा म्हणजे आधी मान नव्हे,
पाय टेकायची जागा. बूड.
नदीपलीकडून रातोरात देव आणला
तेव्हा त्याला मान नको होता,
खाली सपाट दगड हवा होता.

सगुणनं फुंकर मारली. पांढरी धूळ माझ्या चष्म्यावर.

दीपमाळेपाशी जयवंती केरसुणी घेऊन उभी,
आमचं आटपायची वाट बघत.
तिची आजी पालखीपुढे दिवटी धरायची,
आई समया घासायची.
यादीत त्या नाहीत. यादी मी दोनदा तपासली,
एकही चूक सापडली नाही.

घरी जा गे, उशीर होईल.
'राबतां हांव हांगा,' ती म्हणाली.
आमच्या कोंकणीत राबणं म्हणजे थांबणं, उभं राहणं.
पुस्तकातल्या मराठीत राबणं म्हणजे काय,
ते मी पोरांना वाक्यात उपयोग करून दाखवायला लावलं
बेचाळीस वर्षं.
दोन्ही अर्थ एकाच बाईत
कधी तपासले नव्हते.

तिन्हीसांजेला फरशी भिंतीला लावली तर डुगडुगली.
एकवीस महाजन एका अंगाला कलले.
सगुण पाचर शोधायला वळला तोवर
जयवंतीनं पायानंच
चिऱ्याचा एक तुकडा खाली सरकवला.

राहिली.

मग तिनं ष्ठचे टवके
झाडून सुपलीत भरले.