तापोळ्याच्या अलीकडे

दिवा लागला तेव्हा मी पंधराशे फुटांवर होतो.
खाली शिवसागर, मार्चातला, कडेकडेने आटलेला,
वासोटा मागे पडला होता, बामणोली उजव्या हाताला.
लाल दिवा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा:
मुख्य गिअरबॉक्स. तेलाचा दाब.

एकट्या दिव्याचं ऐकायचं नाही.
वायर सैल असली तरी तो लागतो, खोटी साक्ष देतो.
दुसरा साक्षीदार बघायचा.
मी तापमानाच्या काट्याकडे पाहिलं.
तो निघाला होता, सावकाश,
कीर्तनातून मधेच उठणाऱ्या माणसासारखा,
कुणाच्या लक्षात येऊ नये असा.

मग वास आला.
जळक्या तेलाचा वास खोटं बोलत नाही.

डावा हात दोन बोटं खाली.
मोठी हालचाल नाही, ताकद मागायची नाही,
दाढदुखीच्या माणसाला चालवावं तसं यंत्र चालवायचं.
पन्नास फुटांवर आलो, साठ नॉट, पाण्याच्या अंगाने.
बिघडलंच पुढे, तर पडायला थोडंच उरावं म्हणून.

शेजारी मुलाणी, वाईचा पोरगा,
धरणातला गाळ मोजायचं यंत्र मांडीवर घेऊन.
"पोहता येतं?"
"विहिरीत येतं, साहेब."
"जॅकेट आत असताना फुगवायचं नाही.
एक हात दाराला. तो सुटता कामा नये.
पंखा थांबेपर्यंत पट्टा काढायचा नाही."
"थांबला हे कळणार कसं?"
"आवाज संपेल."
त्याने मान हलवली आणि यंत्राचं झाकण नीट लावलं.

कोचीच्या तलावात मला अकरा वेळा
उलटं टांगून बुडवलंय, डोळे बांधून.
तिथे पाण्याला क्लोरीनचा वास होता आणि वर मास्तर उभे.
इथे वारा नव्हता.
शिवसागर असा सपाट, की त्यात डोंगर पुरा,
आभाळ पुरं, आणि पाणी कुठेच नाही.
पन्नास फूट की पाच, डोळ्यांना सांगता येईना.
टाचांखाली फरशी थरथरायला लागली.

तेवढ्यात समोरून एक लाँच आडवी गेली.
मागे दोन रेघा सोडून, उलगडत जाणाऱ्या,
आणि त्या रेघांवरून मला पाणी कुठे आहे ते कळलं.

रेघांच्या पलीकडे गाळपेराची जमीन,
पाणी सरल्यावर उघडी पडलेली जीभ.
तिथे उतरलो. उतरलो म्हणजे टेकलो, घसरलो,
एक पाय चिखलात ढोपरापर्यंत रुतवून उभे राहिलो.
पंखा मंदावला. मग आवाज संपला.
मुलाणीने पट्टा काढला आणि खाली बसला.
बराच वेळ तो नुसता चिखलाला हात लावत होता.

लाँच वळून आली.
हैबती उतेकर, डोक्याला टॉवेल, तोंडात तंबाखू.
"गाडी बंद पडली का?"
म्हटलं, पडली.
तुमच्या लाँचेमुळे वाचलो, हेही म्हटलं,
पाण्यावरच्या रेघांचं समजावून सांगायला लागलो.
त्याचं लक्ष नव्हतं.
तो पोटाखाली वाकून बघत होता:
काळं तेल ठिपकत होतं, ओघळ करून
पाण्याच्या दिशेने निघालं होतं.

"खाली गावं हेच पाणी पितात," म्हणाला,
आणि लाँचेतलं पाणी उपसायचा पत्र्याचा डबा
आणून त्याने ठिपक्याखाली धरला.
ठेवला नाही. धरला.
जमीन उतरती होती, डबा कलंडला असता.

टप्.
मी मोजायला लागलो, सवयीने.
टप्.
साताऱ्याहून माणसं यायला तीन तास लागणार होते.
"द्या," मी म्हटलं, "आता मी धरतो."