भेटीचा उद्देश

मुंबई नाक्यावरच्या हॉटेलात
काउंटरवरच्या पोरानं फॉर्म सरकवला.
कायमचा पत्ता : वडोदरा.
भेटीचा उद्देश : व्यवसाय, देवदर्शन, पर्यटन,
पुढे तीन रिकामे चौकोन.
सासूबाईंसाठी मी दुसऱ्यात खूण करणार होते,
पेन तिसऱ्यात टेकलं.

"गरम पाणी नऊपर्यंतच, मॅडम."
या गावात गरम पाण्याची वेळ
मला पहिल्यांदाच कुणी सांगत होतं.
बंबात ढलप्या सारत
ती मी सांगायचे, सगळ्या घराला.

रिक्षावाल्याकडे लॅमिनेट केलेलं कार्ड :
अकरा ठिकाणं, दोन तास, सहाशे रुपये.
"पहिल्यांदाच आलात का ताई?"
अनिरुद्धनं माझ्याकडे पाहिलं.
मी म्हणाले, "हो."
का म्हणाले, ठाऊक नाही.
एकदा कुणीतरी मला हे गाव दाखवावं,
असं वाटलं असेल.

तो दाखवत गेला.
काळाराम. नंबराच्या पाट्या लावलेले पाच वड.
सीतागुंफेत सासूबाईंना वाकवेना,
तन्मय चार पायऱ्या उतरून परत आला.
रामकुंडावर तो म्हणाला, "ही गोदावरी."

गोदावरी आम्ही कधी म्हटलं नाही.
भूगोलाच्या पेपरात म्हटलं असेल, दोन मार्कांपुरतं.
घरात, गल्लीत, भांडणात ती गंगाच.
"गंगेवर जाऊन येते गं"
एवढं ओरडून अनवाणी सुटता यायचं.
आज चपला राखणाऱ्या बाईला दहा रुपये दिले,
ओंजळ भरली
तर तिच्यात दुसऱ्या कुणाची झेंडूची पाकळी.

दुतोंड्या मारुतीपाशी मात्र राहवलं नाही.
पोरांना सांगायला लागले,
पूर आला की विचारायचं, मारुतीच्या कुठवर?
गुडघ्यापर्यंत म्हणजे शाळा आहे.
कंबर म्हणजे भांडी बाजारात माल माळ्यावर चढायला लागला.
छाती म्हटलं की बाबा जेवणावरून उठायचे.
रिक्षावाला कौतुकानं ऐकत होता.
"ताई बरंच वाचून आल्यात," म्हणाला.

पुलावर रेवानं विचारलं,
"आई, तुझं घर?"
तिचं नाव आम्ही दुसऱ्याच नदीवरून ठेवलं.
मी म्हणाले, "दादा, कारंजावरून जरा आतून घ्या."

गोळे कॉलनीत फुटपाथभर औषधांची खोकी.
आमच्या जिन्यात सलाइनचे बॉक्स,
आईच्या पापडांच्या गॅलरीतून
एसीचा पंखा रस्त्यावर गरम हवा फेकत होता.
बोट उचललं, आणि ते
आपोआप पुढच्या घराकडे गेलं.
बोगनवेल, लाकडी कठडा, फाटकावर पितळी पाटी.
गायधनींचं घर.
चेंडू त्यांच्या आवारात गेला
की तो गेला असंच धरायचो आम्ही.

"किती गोड आहे!" रेवा म्हणाली.
एक फोटो घराचा,
एक मला फाटकाशी उभं करून.

अनिरुद्ध त्या फाटकाकडे बघत नव्हता.
कांदेपोहे खायला तो खोक्यांच्याच जिन्यानं
वर आला होता, बूट कुठे काढू विचारत.
काही बोलला नाही.
रिक्षा सुरू झाली तसा म्हणाला,
"दादा, थांबा थोडं."
थोडं थांबलो.

हॉटेलपाशी मी सहाशे काढले.
त्यानं शंभर परत केले.
"कारंजावरून आतून घ्या
असं पाहुणे म्हणत नाहीत, ताई."

त्या शंभराचा कोंडाजी नाही, कोपऱ्यावरचाच
सुटा चिवडा घेतला.
भलताच तिखट निघाला.
सासूबाई पाणी पाणी करत राहिल्या,
तन्मय नाक पुसत आणखी मागत राहिला.

रात्री रेवानं फोटो सगळ्यांना पाठवला :
आईचं घर.
माझ्या खांद्यामागे पाटीवरचं आडनाव
मला स्पष्ट वाचता येतंय.
तिनं अजून
मोठं करून पाहिलेलं नाही.