सातवी खिडकी

या जी, चपला इथंच काढा.
फरशी गार आहे. पाहुण्यांच्या वहीत
निम्म्या लोकांनी तेवढंच लिहिलंय:
फरशी गार, झिंगे झकास, नेटवर्क नाही.

बंगला डोमाजी मालगुजाराचा.
राहायला नाही बांधला. राहायचा तो गावात.
हा पाणी राखायला.
म्हणून तलावाकडे सहा खिडक्या
आणि रस्त्याकडे भिंत, नुसती भिंत.
गोऱ्या साहेबालाही वळसा घालून
म्हशींच्या वाटेनं वर यावं लागे.

फोटो इथून काढा. समोर ती पाळ,
तिची माती ढिवरांनी, गोंडांनी डोक्यावरून वाहिली,
टोपलीमागे पसाभर धान.
पर्यटनवाल्यांच्या पाटीवर एकटा डोमाजी आहे,
आणि 'पोहण्यास मनाई'.

हिवाळ्यात बदकं येतात, दूरदेशची.
तीही वही न भरता जातात.

आता ही सातवी. लहान. वाकून पाहा.
इथून तुडूम दिसतं,
पाण्यातला तो दगडी खांब, एकाखाली एक भोकं,
भोकाभोकाला लाकडी खुंटी.
डोमाजी रातभर इथं बसायचा, मांडीवर भरमार,
खुंटी कोण उपसतं ते बघत.
आणि खालच्या बांधीतली भुराबाई मारबते
कमरेइतक्या पाण्यातून जाऊन
दर तिसऱ्या रात्री ती उपसायची.

बंदूक कधीच वाजली नाही.

नवं जोडपं आलं तर मी सांगतो, प्रेम होतं.
शाळेची सहल आली तर, भूत होतं.
तहसीलदार आले तेव्हा म्हणालो, दयाळू माणूस.

तुम्ही वही पहिल्या पानापासून वाचलीत,
म्हणून खरं सांगतो. डोमाजी रातांधळा होता.
दिवा मालवला की स्वतःचा हात दिसत नसे.
गावाला ठाऊक होतं, बायकोला ठाऊक होतं,
बंदुकीला तेल देणाऱ्या पोराला तर होतंच.
कोणी तोंडातून काढलं नाही.
सात वर्षं खालचं धान पिकलं
त्या गप्प बसण्यावर.
पोर म्हणजे माझा आजा.

आता अंधार पडला. बल्ब बंद करतो,
खिडकीला कान लावा. दिसणार काही नाही.
खुंटी निघाली की पाणी बोलतं,
मडकं बुडताना बोलतं तसं,
थेट इथवर ऐकू येतं.

कान चांगले होते म्हणतात त्याचे.

बरं, झिंगे रश्शाचे करू, की सुके?