एका घराचे बारा रुपये

गळ्यात ओळखपत्र, त्यावर फोटो अकरावीतला,
खाली छापलंय: नागरी माहिती सहायक, विद्यार्थी.
आई त्याला बिल्ला म्हणते.
एका घराचे बारा रुपये,
नोंद मंजूर झाली तर.

मे महिना. विडी घरकुल. दुपारचे साडेबारा.
उन्हात फोनचा पडदा काळा पडतो,
ओढणीच्या सावलीत धरून विचारायचं,
नळाला पाणी किती दिवसांनी येतं?
एका दारात नीळ्ळू, पुढच्या दारात नीरू,
कोपऱ्यावरच्या मुबीना बी म्हणतात,
"पाचवे रोज. कभी छटे."
तिघींसाठी मी एकच आकडा दाबते.

पाण्याची वेळ: सकाळ, दुपार, संध्याकाळ.
रात्री दोन चाळीसला पर्याय नाही.
रात्री दोन चाळीसला अख्खी गल्ली जागी असते,
मोटारींची घरघर, बॅरलला बॅरल लागलेलं,
कुणाचं तरी पोर पायरीवर परत झोपलेलं.
मी सकाळ दाबते,
आणि खरं काय ते शेऱ्याच्या चौकोनात लिहिते.
तो चौकोन ऐच्छिक आहे,
प्रशिक्षणात दोनदा सांगितलं होतं.

नरसूबाई कोंड्याल उंबऱ्याशी पानं कापत होत्या.
मांडीवर सूप, पत्र्याचा फर्मा, कात्री.
"किती भेटतात गं तुला याचे?"
बारा, म्हटलं.
कात्री थांबली. ओठ हलले, हिशोब झाला:
बारा रुपयाला किती विड्या,
किती वेळ मान खाली.
"म्हंजे बोलणार मी आणि पैसे तुला?"
मला उत्तर आलं नाही. ते प्रश्नावलीत नव्हतं.
मग त्याच हसल्या. "बस की. फॅन लावते.
सांगते सगळं, पण नीट भर."
सांगत राहिल्या. सून बॅरलवरून घसरली ते,
टँकरवाल्याला शिव्या दिल्या ते,
पाणी आलं त्या रात्रीच मालक वारले,
आधी हंडे भरले की आधी रडल्या, आठवत नाही ते.
फोन मधेमधे झोपत होता,
मी अंगठ्यानं त्याला उठवत होते.

शुक्रवारी इर्शाद सर हळूच म्हणाले,
"श्रावंती, सतरा नोंदी गेल्या. फोटोत मीटर धूसर आहे."
घरी सांगितलं. आई वर न बघता म्हणाली, "छाट."
कारखान्यात तिच्याही विड्या अशाच
मूठमूठ बाजूला पडतात,
बारीक आहे, तोंड उघडं आहे, दोरा सैल आहे.
"तुमच्यातली छाट कुठं जाते?"
सर्व्हरवर राहते, म्हटलं.
"म्हंजे तुमच्यातबी परत देत नाहीत."

नियम नऊ: स्वतःच्या घराची नोंद स्वतः करू नये.
म्हणून नकाशावर आमची अख्खी ओळ हिरवी,
आणि मधे एक ठिपका राखाडी.
सोमवारी सिद्राम बिराजदार आला,
माझ्याच वर्गातला, माझ्यासारखाच बिल्ला,
ओळख नसल्यासारखा दारात उभा राहिला.
मी आत, ओट्याला टेकून, भांडी न वाजवता.

पाणी किती दिवसांनी? पाच.
साठवण? दोन बॅरल, एक गळकं.
घरात कमावणारे किती?

बाबांचा माग बंद पडून दुसरं वर्ष.
ते भिंतीकडं तोंड करून पडले होते,
झोपले नव्हते.
आई जरा थांबली.
"दोन," म्हणाली.
फॉर्ममध्ये नावं नाहीत, सिद्राम म्हणाला,
तरी तिनं सांगितली. आधी तिचं,
मग माझं, बापाच्या नावासकट, आडनावासकट,
कोर्टात सांगावं तसं.

चौथा दिवस होता, बॅरल तळाला गेलेलं.
तिनं मला हाक मारून तांब्या भरून आणायला लावला
आणि सिद्राम पाणी पीत असताना विचारलं,
"तुलाबी बाराच का?"