हातातला दगड

कंपनीच्या अर्जावर एक रकाना होता:
पुढच्या पाच वर्षांत तुम्हाला कुठं पोहोचायचंय?
मी लिहिलं, कीथलीच्या बसस्टँडवर, साडेआठच्या आत.
खोडलं. मग लिहिलं, नेतृत्व.

त्यांनी जो मार्गदर्शक नेमून दिला
तो माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, लीड्सचा,
दर पंधरवड्याला पडद्यावर यायचा,
माझ्या उणिवांचे तीन रंगांत तक्ते करायचा.
चांगला होता बिचारा.
माझंच लक्ष त्याच्या पाठीमागच्या
खोट्या पुस्तकांच्या कपाटाकडं जायचं.

विनी ओल्डरॉइड सापडली ती वाट चुकल्यामुळं.
ग्रासिंग्टनच्या वरच्या पायवाटेवर, वाऱ्यात,
सत्तरीची एक बाई गुडघ्यांखाली पोतं घेऊन
ढासळलेल्या कुंपणापुढं बसली होती,
निवडायला धान्य घेऊन बसावं तशी.
मी रस्ता विचारला.
"रस्ता नंतर. तो चपटा दगड दे आधी."
दिला.
"हा नाही."
दुसरा दिला.
"ह्याला चपटा म्हणतात तुमच्याकडं?"
अंधार पडेपर्यंत मी तिथंच होते.

ना चुना, ना सिमेंट.
दगडावर दगड, पण सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही,
आणि भिंतीच्या पोटात बारीक खडी,
ओतायची नाही, हातानं एकेक बसवायची.
"दिसत नाही तिथं लबाडी केलीस
तर थंडी येऊन चहाडी करते," विनी म्हणायची.
नियम एकच:
उचललेला दगड परत खाली ठेवायचा नाही.
फिरव. उलटा कर. जागा शोध त्याला.

मी हातोडी मागितली.
आमचे अप्पा, मिरजेच्या शाळेत ड्रॉइंगचे मास्तर,
प्रगतिपुस्तकावर सही करताना दरवेळी म्हणायचे,
टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.
त्रेचाळीस वर्षं मी उभी होते छिन्नीखाली,
अप्पांच्या, मग सासरच्या, मग साहेबांच्या,
मग कुणी उरलं नाही तेव्हा माझ्याच.
कपच्या उडत राहिल्या. देव काही झाला नाही.

हे सगळं मी विनीला मोडकंतोडकं सांगितलं.
तिनं बाहीला नाक पुसलं.
"देव कुणाला हवाय इथं?
मला मेंढ्या अडवायच्यात."
आणि माझ्या हातातला वेडावाकडा, कानाशी फुटका दगड
तिनं नुसता जरासा वळवला.
बसला.

रडू वगैरे आलं नाही. भूक लागली.
तिनं फ्रूटकेक दिला, वर चीजचा तुकडा.
हे असं का खातात, मी अजून विचारलेलं नाही.

आठ महिने, एक रविवार सोडून एक.
शाबासकी तिनं कधी दिली नाही.
मीही तिला गुरू वगैरे म्हटलं नाही;
पाया पडायला वाकले असते
तर म्हणाली असती, काय सांडलं गं तुझं?

शेवटच्या बैठकीत लीड्सच्या पोरानं विचारलं,
तुमच्यात काय बदललं असं वाटतं?
हातमोजे, मी म्हटलं. दोनदा.
त्यानं ते टिपून घेतलं, हिरव्या रंगात.

जानेवारीत, बर्फ वितळता वितळता, फोन आला.
कशी आहेस नाही, काही नाही.
"दोन वार भिंत पडलीय. तुझीच.
माझी उभी आहे.
चौदा मेंढ्या पोस्टापुढं रांग लावून आहेत.
येतेस?"

पहिली बस आठ वाजून पाच मिनिटांनी.
मी साडेसातलाच स्टँडवर.
नोव्हेंबरात, पाऊस लागला म्हणून,
खडी कुठं ओतली होती मी ओंजळीनं,
ते मला नेमकं आठवत होतं.