विझण्याचं माप

मन्सूराच्या त्या प्रयोगशाळेत पूर्वी
पडद्यांनासुद्धा क्लोरोफॉर्मचा वास यायचा.
विदाद घरी गेली की मुलगा लांबूनच म्हणायचा,
आई, आधी हात धू.
काळी पिंपं महिन्यातून दोनदा भरत,
ट्रक येई, कुठे जाई
कुणी विचारत नसे.
नाईल तिथून हाकेच्या अंतरावर.

आता ती संत्र्याच्या साली शिजवते.
साली, गाळलेलं पाणी,
दोनशे अंश, सहा तास.
वरच्या मजल्यावरून विचारणा होते,
मुरांबा घातलाय का?
निघतं ते चहाच्या चोथ्याच्या रंगाचं पाणी,
कुणी ढुंकून पाहू नये असं.
जांभळ्या दिव्याखाली धरलं की मात्र
निळं पेटतं,
चटका नसलेली ज्योत.

शिकायला आलेल्या पोरींना ती सांगते,
इथं उलटं वाचायचं.
रक्तातलं औषध या उजेडाला विझवतं.
जितकं औषध, तितका अंधार.
गेलेला उजेड मोजा,
उरलेल्याचं कौतुक नको.

आज सत्तावीस नंबरची नळी.
हम्माद अल-गय्यार, वय एकसष्ट,
होड्या रंगवतो.
फिटांच्या गोळ्या, सकाळी एक, रात्री एक.

थेंब पडला
आणि काही झालं नाही.
निळं तसंच, काठोकाठ.
तिने क्युव्हेट पुसली, दिवा पुसला,
उगाच चष्माही पुसला.
दुसरा थेंब.
निळं तसंच.
एक पोरगी पुटपुटली, काय सुंदर दिसतंय!
विदाद बोलली नाही.

अहवालात फक्त आकडा जातो.
दशांशचिन्ह, शून्य, शून्य, मग काहीतरी किडुकमिडुक.
फोन करणं तिचं काम नव्हे.
तिने केला.
पलीकडे रेडिओ, पत्र्याचा डबा खरवडल्याचा आवाज,
मग तो:
महागल्या हो डॉक्टरबाई.
आधी एक दिवसाआड घ्यायचो,
आता डोळ्यांपुढे तारे आले तरच.
पण काळजी घेतो,
शिडीवर चढत नाही.
हात पोचतो तेवढंच रंगवतो.

फोन ठेवला.
आकडा लिहिला. खाली एक ओळ लिहिली,
जिला फॉर्ममध्ये जागा नव्हती,
म्हणून ती समासात वाकडी गेली.

मग दुपारचा डबा. संत्रं सोललं,
साल सवयीने बाजूला ठेवली.
खिडकीतून नदी दिसत नाही,
मधे बँकेची इमारत आहे.
पण तिकडे काठावर कुठेतरी
एक होडी उभी असणार,
कमरेपर्यंतच निळी.