चार बरण्या

तापानंतर नाक मेलं.
कुडाळच्या डॉक्टरांनी बरण्या भरायला सांगितल्या:
तिरफळ, लवंग, लिंबाची साल,
चौथी तुमच्या आवडीची.
सत्यवतीने चौथीत सुरंगीचा सुकला वळेसर घातला.

सकाळ-संध्याकाळ वीस-वीस श्वास.
डोळे मिटून वास आठवायचा, म्हणाले,
मग तो येईल.
मी नुसती काच हुंगत होतो.

वेंगुर्ल्याच्या बंदरावर
सुरमईचा कल्ला उचलून बोली लावणारा मी
आता पोराला विचारायचो, ताजी ना रे?
आमटी फक्त गरम लागायची.
झोप मात्र गाढ.
जयवंताच्या फोटोखालून जाताना
छातीत काही हलत नसे.
घरचे म्हणाले, सावरला.

सातव्या महिन्यात, जेटीवर,
कुणी ओला काथ्याचा दोर पायाशी टाकला.
डिझेल, शेवाळ, उंडीचं तेल,
ही नावं नंतर सुचली.
आधी गुडघे गेले.
आधी हात पुढे झाला
होडीतून उतरणाऱ्या भावाला धरायला,
जसा रोज पहाटे व्हायचा
नारळी पौर्णिमेनंतरच्या त्या गुरुवारपर्यंत.

किती वेळ बसलो दोरावर, ठाऊक नाही.
लिलाव माझ्यावाचून संपला.

घरी सत्यवतीने तोंडाकडे पाहिलं.
"वास इलो?"
"इलो."
"खंयचो?"
मी फळीवरच्या बरण्यांकडे बघितलं.
"तिरफळाचो."

ती हसली. बांगड्याच्या आमटीत
त्या दुपारी चार दाणे जास्तच पडले.
जीभ बधिर होईस्तोवर जेवलो.